कादंबरीतला माणूस पोटासाठी काय करतो?

मे महिना वाचनाच्या बाबतीत अगदी कोरडा गेला. पुस्तकांची कमी नव्हती. काही वाचनालयातून आणली होती, काही मैत्रिणींनी आग्रहाने हातात दिली होती, आणि एक तर इतकं गाजत होतं की ते विकतच घेतलं. बहुतेक कादंबऱ्या, एक कथासंग्रह. रात्री जेवणं आवरली की रोज वाचायला बसत होते आणि रोज थोड्या वेळाने लक्ष उडत होतं. डोळे ओळींवरून फिरत होते, पण आत काही पोचत नव्हतं.

नावं मुद्दाम घेत नाही. यातली काही पुस्तकं माझ्या जवळच्या माणसांची फार लाडकी आहेत, आणि त्यांचं प्रेम खरं आहे.

एक ऐतिहासिक कादंबरी होती. तिच्यात सगळेच पल्लेदार बोलत होते, अगदी पाणी मागतानासुद्धा. फौज शेकडो कोस जाते, पण घोड्यांची चंदी कुठून आली, वाटेतल्या गावांनी ती कशी दिली, याचा पत्ता नाही. दुसरी पुण्यातल्या आयटीवाल्या जोडप्याची. नवरा रात्री अकरापर्यंत ऑफिसात असतो, संसार मोडतो तो त्याच पायी, आणि तीनशे पानांत त्या ऑफिसात तो नेमकं करतो काय हे कळत नाही. प्रोजेक्ट, डेडलाइन, बॉस, संपलं. कथासंग्रहातली माणसं कुठल्या तरी शहरात खिडकीशी उभी राहून विचार करत होती.

पण खरी निराशा झाली ती एका व्यापारी घराण्याच्या कादंबरीने, कारण तिच्याकडून मला सगळ्यात जास्त आशा होती. आमच्याच भागातली, हळदीच्या पेठेतली गोष्ट. माझे वडील, आमचे अण्णा, सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. अण्णांचे सदरे धुतले की बादलीतलं पाणी पिवळं व्हायचं. सौद्याच्या दिवशी खरेदीदार पोत्यात हात घालून हळकुंड काढतो, कट्‌कन मोडतो, तुटलेल्या जागेचा रंग बघतो, आणि मग भाव बोलतो. त्या एका मोडण्याकडे शेतकरी कसा बघत असतो, ते मी लहानपणी जवळून पाहिलंय. काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश, एवढी सगळी मेहनत त्या तुकड्यात असते. पटलं तर ठीक, नाही तर सकाळपासून उपाशी बसलेला माणूस काही न बोलता पोत्याचं तोंड पुन्हा बांधायला लागतो.

आणि हरिपूरची पेवं! कृष्णाकाठच्या त्या मातीत खोल खणलेली, तोंड अरुंद आणि आत प्रशस्त. हळद त्यांत वर्षानुवर्षं टिकायची. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, कोंडलेल्या हवेने माणूस दगावतो. थांबावं लागतं, हवा खेळू द्यावी लागते. 2005 च्या महापुरात यातली कितीतरी पेवं कायमची निकामी झाली. एका लेखकाला याहून जास्त काय हवं? जमिनीखाली पुरलेली श्रीमंती, तिच्यात उतरताना जिवाची धास्ती, आणि वर चढत येणारं नदीचं पाणी.

त्या कादंबरीत यातलं काही नव्हतं. वाड्यातल्या बायकांची दुःखं होती, दोघा भावांचं वैर होतं, एक जुनं प्रेमप्रकरण होतं. धंदा बुडतो तो एका वाक्यात: भाव पडले आणि सगळं गेलं. कुणाला उचल दिली होती, पैसे मागायला पहिला दारात कोण आला, दिवाणजीला कधी कळलं आणि मालकाला सांगायला त्याने किती दिवस लावले, काही नाही. वाडा विकला गेला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण तो वाडा कशावर उभा होता ते मला कुणी दाखवलंच नव्हतं.

मला कथेत काय हवं असतं, ते हे पुस्तक मिटताना पहिल्यांदा नीट कळलं. आजवर विचारलं तर मी 'चांगली भाषा', 'जिवंत माणसं' असं काहीबाही सांगायचे. आता नेमकं सांगता येतं. मला माणूस काम करताना दिसायला हवा. त्याचं पोट कशावर चालतं, हात कशाने मळतात, कुठल्या दिवशी पगार होतो, काम सुटलं तर घरात काय होतं, हे दिसलं की तो माणूस मला खरा वाटतो. मग त्याचं प्रेम, त्याचं वैर, त्याचा देव, सगळं मी मनापासून ऐकते.

महिनाअखेरीस अण्णा भाऊ साठ्यांची 'स्मशानातील सोनं' पुन्हा वाचली. अण्णा भाऊ आमच्याच जिल्ह्यातले, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे. कथेतला भीमा वारणाकाठचा गडी, मुंबईला येऊन उपनगराजवळच्या खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. आणि मग पोटासाठी तो रात्री स्मशानात मढी उकरून त्यांच्या अंगावरचं सोनं काढायला लागतो. कोल्ह्यांशी त्याची झुंज, प्रेताच्या दातांत अडकलेली बोटं, हे एकदा वाचलेलं कुणी विसरत नाही. पण मला दर वेळी हलवतं ते नंतरचं. ती बोटं कापावी लागतात आणि त्याच दिवशी कळतं की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू होतेय. डोंगर फोडणारी ती बोटंच गेली आणि भीमा लहान पोरासारखा रडतो. काम असणं, काम नसणं आणि काम येऊनही ते करता न येणं, यापलीकडे त्या कथेत काही नाही, आणि म्हणून तिच्यात सगळं आहे.

मग मी माझ्या आवडीच्या पुस्तकांकडे या नजरेने पाहिलं. 'बनगरवाडी' (1955) मला इतकी का आवडते? मास्तर धनगरांच्या पोरांना शिकवतो, शिवाय गावाची कितीतरी कामं अंगावर घेतो. बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जूं खांद्यावर घेते, ते दृश्य मला बाकी सगळ्याच्या आधी आठवतं. 'धग'मधली कौतिक आठवली की तिची संसार ओढण्याची जिद्द आठवते, आणि घरात दाणा आहे की नाही ही रोजची चिंता. जयंत पवारांच्या गिरणगावातल्या कथांत तर 1982 चा संप सरून गेला तरी बंद गिरणीचा भोंगा माणसांच्या डोक्यात वाजत राहतो. 'कोसला'चं मला जरा आश्चर्य वाटलं. पांडुरंग सांगवीकर काही कमावत नाही, मग तो का आवडतो? तर मेसचा कारभार, उधाऱ्या, वडिलांचे पैसे कसे उडाले याचा हिशेब, हे सगळं नेमाड्यांनी इतकं बारीक लिहिलंय की त्याचं रिकामपणसुद्धा मला एक काम वाटतं.

वाचनालयातल्या काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अहो ताई, माहितीच हवी असेल तर माहितीची पुस्तकं आहेत की. कादंबरी मनाची असते." त्यांचं वाचन दांडगं आहे, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरी हे मला पटत नाही. मन असं वेगळं काढून ठेवता येतं का? अण्णांचं मन त्यांच्या खतावणीत होतं. जमा-खर्चाचा मेळ बसला नाही की ते रात्री जेवताना गप्प असायचे आणि आई आम्हाला डोळ्यांनी दटावायची. आमच्या घरातले निम्मे रुसवे, निम्मे आनंद आणि माझ्या बहिणीचं एक मोडलेलं लग्न, हे सगळं त्या यार्डातून आलेलं होतं. घरातल्या माणसांचं मन लिहायचं आणि यार्ड वगळायचं, हे मला अर्धवट वाटतं.

मात्र माहितीचे ढीग मलाही नकोत. अभ्यास करून लिहिलेल्या काही कादंबऱ्यांत पात्रं एकमेकांना कामाची माहिती सांगत बसतात, एखाद्या प्रकल्पाचा अहवाल वाचतोय असं वाटतं. भीमाच्या कथेत दगड कसा फोडतात यावर एक परिच्छेद नाही. तिथे फक्त बोटं आहेत. लेखकाला ते काम इतकं ठाऊक आहे की समजावून सांगायची गरजच पडत नाही, वापरता येतं.

आता पुस्तक निवडताना मी मलपृष्ठावरची स्तुती वाचत नाही. मध्येच कुठेतरी उघडते आणि तिथे कुणी काही करतंय का ते बघते. ज्यांना निसर्ग हवा, तत्त्वचिंतन हवं, निव्वळ भाषेचा नाद हवा, त्यांनी तसं निवडावं. पण आपली आवड कुठली हे एकदा स्वतःशी स्पष्ट झालं की गाजणाऱ्या पुस्तकाचं दडपण राहत नाही, हा मला मोठाच दिलासा वाटतोय.

जूनसाठी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' काढून ठेवली आहे. धरणग्रस्तांची गोष्ट आहे, म्हणजे हातातलं कामच जमिनीसकट गेलेल्या माणसांची. त्यापुढची यादी मला तुमच्याकडून हवी आहे. सरकारी दवाखान्यातली नर्स, एसटीचा कंडक्टर, ऊसतोडीची टोळी, पतसंस्थेतला वसुलीवाला, यांच्या रोजच्या कामात शिरणाऱ्या मराठी कादंबऱ्या किंवा कथा तुम्ही वाचल्या असतील तर जरूर सांगा. आणि हळदीच्या पेठेवर कुणी मनापासून लिहिलं असेल, तर ते आधी सांगा.