झोपाळ्याला रकाना नाही

नऊ माणसं, एक कुत्रं आणि माझी बायको यांच्या समक्ष नानांनी मला सांगितलं की सरकारने माझ्या घराची किंमत दुप्पट केली काय नि दसपट केली काय, मी घाबरायचं कारण नाही. "कारण ते घेणार कोण?"

कुत्रं सोडून सगळे हसले. बायकोही हसली. तिचं म्हणणं असं की ती हसली नाही, तिला खोकला आला. या गोष्टीला आठवडा झाला. त्यानंतर तिला एकदाही खोकला आलेला नाही.

प्रकरण जंत्रीचं. मराठीत जंत्री म्हणजे लांबलचक, कंटाळवाणी यादी. लग्नातल्या आहेराची जंत्री, आजीच्या दुखण्यांची जंत्री. आम्हा बडोदेकरांच्या नशिबी मात्र गुजरातची जंत्री आहे. तिकडे महाराष्ट्रात ज्याला रेडी रेकनर म्हणतात तीच ही बया. कुठल्या भागातल्या जमिनीचा चौरस मीटरला किमान भाव काय, हे सरकार त्यात लिहितं आणि दस्त करताना त्या भावावर मुद्रांक शुल्क घेतं. शुल्क ४.९० टक्के. चपलांच्या दुकानात ४९९ची पाटी असते ना, तसलाच हा आकडा. वर नोंदणी फी १ टक्का. बाईच्या नावावर घेतलं तर ती माफ. आमच्या पोळेत, म्हणजे जुन्या गल्लीत, बायकोला घराचं निम्मं श्रेय द्यायला कोणी तयार नसतं, पण या एका टक्क्यासाठी पुरं घर तिच्या नावावर करणारे तीन पुरुष मला माहीत आहेत.

तर ही जंत्री २०११ साली ठरली आणि मग सरकार तिला विसरलं. लोक अर्थातच तिला विसरले नाहीत, कारण तीच तर सोय होती. ४ फेब्रुवारी २०२३ला एका संध्याकाळी अचानक जाहीर झालं की उद्यापासून सगळीकडे दुप्पट. नंतर आरडाओरडा झाला, आठवड्याभरात ते १५ एप्रिलवर ढकललं गेलं. मग २० नोव्हेंबर २०२४ला नवा मसुदा आला, त्यात काही ठिकाणी भाव अनेक पटींनी वाढवले होते. २० डिसेंबरपर्यंत हरकती कळवा म्हणे. हरकतीला गुजरातीत 'वांधो' म्हणतात. अर्जाचं नाव 'वांधा अर्जी'. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

अंमलबजावणी लांबणीवर टाका, अशी वांधा अर्जी आमच्या पोळेनेही करायची ठरली. दांडिया बाजारातून आत वळलं की आमची पोळ. निम्मी घरं मराठी, निम्मी गुजराती, आणि गाड्या ठेवण्यावरून होणारी भांडणं दोन्ही भाषांत. बैठक जिग्नेशभाईंच्या ओटल्यावर. अर्ज लिहायचं काम माझ्यावर आलं, कारण मी बँकेत तीस वर्षं रोखपाल होतो. ज्याला नोटा मोजता येतात त्याला जमीनही मोजता येत असणार, असा लोकांचा समज.

सुरुवातीलाच शांताकाकूंनी विचारलं, "म्हणजे घरवेरा, आपली घरपट्टी, वाढणार?"

मी म्हटलं, "नाही काकू. जंत्री दस्ताची. घरवेऱ्याचा हिशोब निराळा. घराचं क्षेत्रफळ, ते कुठे आहे, किती जुनं आहे, राहतं कोण, असं सगळं धरून तो निघतो."

"हां. म्हणजे वाढणार."

मग मी आकडे मांडले. समजा कागदावरची किंमत दहा लाखांनी फुगली, तर घराला एक वीटही न लागता घेणाऱ्याला ४९,००० मुद्रांकाचे आणि १०,००० नोंदणीचे जास्त पडणार. सगळ्यांनी 'अरेरे' केलं. खरं म्हणजे त्या ओटल्यावरच्या नऊपैकी एकालाही घर घ्यायचं नव्हतं आणि विकायचंही नव्हतं. पण न विकायच्या घराची किंमत वाढणार म्हटल्यावर माणूस किती अस्वस्थ होतो, हे पाहण्यासारखं असतं.

यानंतर जे सुरू झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. किंमत कमी धरावी याची कारणं हवी होती. एकेकजण आपापल्या घराची निंदा करायला लागला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात जे जे झाकून ठेवतात ते ते सगळं ओटल्यावर आलं. आमच्या माडीची तुळई वाकलीय. आमच्या भिंतीला ओल आहे, पंचांग लावलं की संक्रांतीच्या आत बुरसतं. जिग्नेशभाई म्हणाले, त्यांच्या मोरीत उंदीर नाही, कोळ, म्हणजे घूस आहे, मोजून दाखवतो. त्यावर शांताकाकू म्हणाल्या की कोळ मुळात त्यांचीच, ती रात्रीपुरती जिग्नेशभाईंकडे जाते. पाच मिनिटांत अशी चढाओढ लागली की पोळेत माणसं राहतात तरी कशी, याचंच मला आश्चर्य वाटायला लागलं. मी भराभर लिहीत होतो. लीलो चिवड्याची ताटली फिरत होती.

आणि नाना आले.

नाना एक्क्याऐंशीचे. पांढरं धोतर, वर मुलाने कॅनडाहून पाठवलेलं हिमवादळाचं जाकीट. बडोद्याच्या थंडीत ते दुपारीसुद्धा अंगावर असतं. त्यांनी उभ्याउभ्याच ताटलीतला उरलेला चिवडा मुठीत घेतला आणि विचारलं, "कोणाच्या घराचं मयत वाचताय?"

मी अर्ज वाचून दाखवला. 'सदर पोळेतील घरे जीर्ण असून' इथपर्यंत आलो तोच नाना कडाडले.

"जीर्ण? माझं घर जीर्ण? लिही. माझ्या घराची जंत्री कमी लावली आहे, ती वाढवावी."

शांतता. जिग्नेशभाई हळूच म्हणाले, "नाना, आपण तो घटाडवा माटे अर्जी करीए छीए." आपण कमी करायला अर्ज करतोय.

"तुम्ही करा कमी. मी जिवंत असेपर्यंत माझ्या घराचा भाव कमी सांगायचा नाही. बाळ, लिही. एक. सयाजीराव महाराज या घरी येऊन गेले आहेत."

आता या महाराजांची एक गंमत आहे. मी लहान असताना नाना सांगत, महाराजांची बग्गी आमच्या पोळेच्या तोंडावरून गेली होती. माझ्या मुंजीत ती पोळेच्या तोंडाशी थांबली. माझ्या लग्नात महाराज खाली उतरून पाणी प्यायले. परवा ते घरात येऊन, माडीवर जाऊन, झोपाळ्यावर बसले. मी आणखी दहा वर्षं जगलो तर महाराज मुक्कामाला राहतील यात मला शंका नाही.

"नाना," मी म्हटलं, "महाराज १९३९ला गेले. तुमचा जन्म त्रेचाळीसचा."

"मग? घर एकोणचाळीसच्या आधीचं आहे ना?"

यावर काय बोलणार? मी लिहिलं.

"दोन. झोपाळा. अख्ख्या सागवानाचा, पितळी कड्या. त्याचा भाव कुठे धरलाय दाखव."

मी मसुदा मोबाइलवर उघडला. मोबाइल नानांच्या नाकापाशी नेला. जमिनीचा भाव, बांधकामाचा भाव, दुकान, ऑफिस. नानांनी चष्मा कपाळावर चढवून, मग नाकावर आणून, मग काढून पाहिलं.

"झोपाळ्याला रकाना नाही?"

"नाही."

"देवघराला?"

"नाही."

"मग या गाढवांनी मोजलं काय?"

"चौरस मीटर, नाना."

"मीटरमध्ये कापड मोजतात. घर वारात मोजायचं." ही नानांची जुनी तक्रार. १९५७ला नवे पैसे आले तेव्हाही ते असंच भांडले होते म्हणे, तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. मी विषय बदलावा म्हणून सांगितलं की जुन्या बांधकामाला घसारा मिळतो, घराचं वय जितकं जास्त तितकी बांधकामाची किंमत खाली येते. हे सांगायला नको होतं.

"वय वाढलं की किंमत कमी?" नानांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "माझं वय वाढलं, माझी किंमत कमी झाली का?"

कोणी बोललं नाही. नानांची सून समोरच्या खिडकीत उभी होती. ती आत गेली.

इथे मी चुकलो. वातावरण हलकं करायला गेलो. म्हटलं, "नाना, तुमचं वाढवा, पण आमचं कमी राहू द्या हो." आणि मग तो सुप्रसिद्ध शेरा. "तुला कशाला काळजी? तुझं घेणार कोण? तो जिना आहे का? शिडी आहे. तुझ्या बापाला मी तेव्हाच सांगितलं होतं, दादर काढताना दोन पायऱ्या वाढव. नाही ऐकलं. आता तीन पायऱ्या चढलं की डोकं तुळईला, आणि उतरताना थेट चौकात."

आमचा जिना उभा आहे, मान्य. पाहुणे तो उलटे उतरतात, मान्य. पण हे आम्ही म्हणायचं.

रात्री झोप लागेना. बायको म्हणाली, "म्हाताऱ्याच्या बोलण्याचं काय मनावर घेता?" मी म्हटलं, मनावर घेतलेलं नाही, फक्त जागा आहे. खरं कारण मी तिला सांगितलं नाही. दिवाळीत मुलगा पुण्याहून आला होता. जाताना पिशव्या उतरवता उतरवता तो त्याच जिन्यावर म्हणाला, "बाबा, हे विकून टाका ना आता. पण घेईल का कोणी?" तो मायेने म्हणाला होता, म्हणून मी काही बोललो नाही. नाना मायेने म्हणाले नव्हते, म्हणून नानांवर राग काढता येतो. आठवडाभर मी तोच काढतोय.

आणि चिडायला काय एवढंच आहे? माझी बहीण बडोद्याच्याच समा भागात राहते. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तिचा तळमजला पाण्याखाली गेला. फ्रिज आडवा होऊन तरंगत दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेला, अगदी घरच्यासारखा. शहरात रस्त्यांवर मगरी फिरत होत्या. आमच्या नदीत त्या असतातच, पण एरवी त्या आपल्या घरी असतात आणि आपण आपल्या. ताई गच्चीवर बसून मला फोन करत होती आणि मी इथून 'काळजी घे' म्हणत होतो, दुसरं करणार काय? चिखल काढायला पंधरा दिवस लागले. सोफा, गाद्या, आईची शिवणाची मशीन, सगळं गेलं. तिच्या भिंतीवर कमरेच्या उंचीवर पाण्याची रेघ अजून आहे, दोनदा रंग देऊनही वर येते. मी मसुद्यात शोधलं. त्या रेघेला रकाना असतो का म्हणून. नाना झोपाळ्याचा रकाना शोधत होते तेव्हा मी हसलो होतो, हे आठवलं नि मोबाइल ठेवून दिला. शेवटी भाव जमिनीचा. ती पाण्याखाली असो की पाण्यावर, चौरस मीटर तेवढेच भरतात.

अर्ज तयार झाला. दीड पान. पहिल्या पानावर घरं पडायला आलीत म्हणून जंत्री कमी करावी व तूर्त लांबणीवर टाकावी, ही नऊ जणांची मागणी. खालच्या अर्ध्या पानावर महाराज झोपाळ्यावर बसले होते म्हणून ती वाढवावी, ही एकाची. मी म्हटलं वेगळा कागद घ्या. नाना म्हणाले, एका पोळेचा एक अर्ज, फूट पाडू नकोस. त्यांनी सही केली ती मोडीत. कोणाला वाचता येत नाही, म्हणून तीच सगळ्यांत वजनदार दिसते.

मी 'जीर्ण' शब्द खोडून 'जुनी' केलं, नानांकरता. आणि खरं सांगायचं तर माझ्या घराचा उल्लेख होता ती ओळ काढून टाकली. त्यात जिन्याबद्दल लिहिलं होतं. माझ्याच हाताने.

अर्ज पाठवणार, तेवढ्यात बातमी आली की हरकती घ्यायची मुदतच २० जानेवारी २०२५पर्यंत वाढवली. म्हणजे लांबणीवर टाका म्हणून सांगायचं कामच लांबणीवर पडलं. जिग्नेशभाईंना आनंद झाला. नानांना तर फारच. त्यांना आणखी मुद्दे सुचलेत, महाराजांबरोबर दिवाणसाहेबही होते असं आता आठवतंय.

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. जिग्नेशभाईंच्या ओटल्यावर फरशीचं काम चाललंय, म्हणून मी म्हटलं आमच्याकडे करू. बायको म्हणाली, खाली चौकात सतरंजी घालते. मी म्हटलं, नको, थंडी आहे. माडीवर बसू.

नानांना मी सगळ्यात पुढे चढवणार आहे.