गोळी आली आणि बायका बिघडल्या म्हणे

काकांनी फॅमिली ग्रुपवर टाकलेला तो मेसेज आता चौथ्यांदा आला म्हणून लिहितेय. त्यात काय तर १९६० ला अमेरिकेत गर्भनिरोधक गोळी आली, एका रात्रीत बायका मोकाट सुटल्या, संसार मोडले, मजा पुरुषांनी मारली आणि मग तेच खूळ आपल्याकडे आलं.

एका रात्रीत? अहो गोळीला परवानगी मिळाली तेव्हा तिथल्या कनेक्टिकट राज्यात नवराबायकोनेसुद्धा गर्भनिरोधक वापरणं गुन्हा होता, तो कायदा १९६५ ला सुप्रीम कोर्टाने काढला, तेही लग्न झालेल्यांपुरतंच. १९६७ ला बोस्टन युनिव्हर्सिटीत गर्भनिरोधाचा प्रचार करणाऱ्या बिल बेअर्डने भाषण संपल्यावर १९ वर्षांच्या एका मुलीच्या हातात गर्भनिरोधक फोम ठेवला, नुसता ठेवला हां, तर त्याला अटक! लग्न न झालेल्यांना हक्क मिळाला तो याच केसमुळे, १९७२ ला. बारा वर्षांची रात्र झाली की ही.

संसार मोडले म्हणता, तर घटस्फोट वाढले हे खरंय. पण १९४६ ला, गोळीचा पत्ता नव्हता तेव्हाच, महायुद्ध संपल्यावर अमेरिकेतला घटस्फोटाचा दर हजार लोकांमागे ४.३ पर्यंत गेला होता, पुढे कमी झाला, १९८० च्या आसपास ५ च्या वर चढला आणि तेव्हापासून उतरतोच आहे, आता निम्म्यावर आलाय. बायका अजून बिघडलेल्याच असतील तर हा उतरला कसा? आधी कोर्टात जोडीदाराचा दोष सिद्ध करावा लागायचा, ती अट कॅलिफोर्नियाने काढली १९६९ च्या कायद्याने, आणि सही कुणाची तर तिथले तेव्हाचे गव्हर्नर, परंपरावादी रोनाल्ड रेगन यांची, म्हणजे काय फेमिनिस्ट माणूस! शिवाय बाईला नवऱ्याच्या सहीशिवाय लोन, क्रेडिट कार्ड द्यायला बँका का-कू करायच्या, ते बेकायदा झालं १९७४ ला. हातात पैसा आल्यावर मार खात कोण राहील?

मजा पुरुषांनी मारली यात मात्र थोडं तथ्य आहे. सुरुवातीच्या गोळीत हार्मोन्सचा डोस आजच्यापेक्षा कितीतरी जास्त, आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका बायकांना कोणी धड सांगितलाच नाही. १९७० ला सिनेटमध्ये त्यावर सुनावणी झाली तर गोळी घेणारी एकही बाई साक्षीला बोलावलेली नव्हती, शेवटी मागे बसलेल्या बायकाच उठून ओरडायला लागल्या. पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद आला तो त्यानंतर. पण बघा, भांडल्या कोण?

आणि आपल्याकडे तिकडून आलं म्हणे! काका, र. धों. कर्वेंनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं १९२१ ला, गोळीच्या ३९ वर्षं आधी. त्यापायी गणिताची प्राध्यापकी गेली, तरी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ काढत राहिले. अश्लीलतेचे खटले भरले त्यांच्यावर, आणि १९३४ ला कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बाबासाहेब आंबेडकर.