अंगठ्याचे चार मिलिमीटर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सस्नेह नमस्कार.

आपण सविस्तर आणि स्पष्ट लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, हँडहेल्ड गेमिंग यंत्रांच्या अॅनालॉग स्टिकविषयी (अंगठ्याने हव्या त्या दिशेला झुकवायच्या छोट्या दांडीविषयी) लिहिताना मी हॉल सेन्सरचे, म्हणजे चुंबकाच्या आधारे दांडीची जागा ओळखणाऱ्या सेन्सरचे, अवाजवी कौतुक केले. ड्रिफ्टचे, म्हणजे अंगठा न लावताही खेळात आपोआप हालचाल होण्याचे, मूळ बहुधा सेन्सरमध्ये नसून स्प्रिंगमध्ये असते. उरलेला दोष सॉफ्टवेअरमधला डेडझोन (मध्याभोवतीचा, जिथली हालचाल धरलीच जात नाही तो भाग) वाढवला की मिटतो. आणि नागपूरच्या उन्हाळ्यात चुंबकावर विसंबणेच चुकीचे आहे. सीताबर्डीवरच्या दुकानात आपण रोज ही यंत्रे दुरुस्तीसाठी उघडता, म्हणून आधी स्प्रिंगचा मुद्दा घेतो, कारण तिथे माझे चुकलेच आहे.

हॉल सेन्सर चुंबकीय क्षेत्र मोजतो आणि त्याच्या मोजणीत काहीही घासले जात नाही, एवढे सांगून मी थांबलो होतो. परंतु अंगठा उचलल्यावर दांडी मध्यावर आणण्याचे काम स्प्रिंगचे असते आणि तीच सैल झाली, तर उत्तम सेन्सरही चुकलेली जागा बिनचूक सांगत राहणार. १९९६ च्या निंटेंडो ६४ च्या कंट्रोलरमध्ये मोजणी प्रकाशीय चकत्यांनी होत असे. तरीही दांडीखालची प्लॅस्टिकची वाटी घासून तिची भुकटी आत साचे आणि दांडी लटपटू लागे. हे उदाहरण लेखात यायलाच हवे होते.

यामुळे पोटेन्शिओमीटर, म्हणजे कार्बनच्या पट्ट्यावर वायपर नावाचे धातूचे टोक घासत दांडीची जागा मोजणारा दुसरा प्रकार, मात्र निर्दोष ठरत नाही. गेल्या मे महिन्यात मी माझ्याच यंत्राची ड्रिफ्ट होणारी स्टिक सोडवली आणि बाजूची पोटेन्शिओमीटरची चिमुकली डबी उघडून भिंगाखाली धरली. काळ्या कार्बनच्या पट्ट्यावर, नेमक्या मध्याच्या आसपास, वायपरने घासलेली चकचकीत रेघ होती. टोकांकडचा पट्टा नव्यासारखा होता. दांडीचा बहुतेक वेळ मध्याजवळच जातो, म्हणून झीजही तिथेच होते. त्यात कूलरची ओलसर हवा आणि घरातली धूळ त्या फटीत शिरली की काय होते, हे आपल्याला मी सांगायला नको. स्प्रिंग नवी घातली, तरी ती रेघ जात नाही.

डेडझोनबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे. हँडहेल्डला जाडी कमी ठेवावी लागते, म्हणून दांडी आखूड होते. समजा, दांडीच्या टेकूपासून टोपीच्या माथ्यापर्यंतचे अंतर १२ मिलिमीटर आहे आणि दांडी २० अंश झुकते. म्हणजे अंगठ्याला मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम ४.१ मिलिमीटर मिळतात. दांडी १८ मिलिमीटर असती, तर त्याच कोनात ६.२ मिलिमीटर मिळाले असते. आता १५ टक्के डेडझोन लावा : चारांपैकी ०.६ मिलिमीटर मुका झाला, आणि तोही नेमका तो भाग, जिथे खेळणारा निशाणा हळूच सरकवतो किंवा गाडी केसभर वळवतो. डेडझोनच्या बाहेरील मूल्ये पुन्हा शून्यापासून ताणून घेतली नाहीत, तर कड ओलांडताच हालचाल एकदम १५ टक्क्यांवर उडी मारते. ताणून घेतली, तर तेवढाच वेग कमी जागेत कोंबला जातो आणि अंगठ्याचा कंप अधिक दिसतो. दोन्ही अक्षांना वेगवेगळा डेडझोन लावणे त्याहून वाईट, कारण मग तिरकी संथ हालचाल आडव्या किंवा उभ्या रेषेला चिकटून बसते. ड्रिफ्ट दिसेनासा होतो हे खरे, पण त्याची किंमत खेळणारा प्रत्येक क्षणी मोजत असतो.

उन्हाचा आक्षेप रास्त आहे, तरी त्याचे वजन कमी आहे. निओडिमियम चुंबकाचा जोर अंशामागे साधारण ०.१ टक्का उतरतो. २५ अंशांवरून ४५ वर गेल्यास ही घट दोन टक्क्यांच्या आसपास भरते. मध्यावर मोजायचे क्षेत्रच शून्याजवळ असल्याने या घटीमुळे मध्य जवळपास हलत नाही, फक्त कडेची मजल किंचित आखडते आणि ती बाहेरच्या कडेला थोडी सूट ठेवून भरून काढता येते. विजेच्या खर्चाचा मुद्दा आपण काढला नाहीत. तो हॉलच्या विरोधात अधिक जड आहे आणि सुधारित लेखात मी तो घालणार आहे.

आपल्या दुकानात बाद म्हणून काढून ठेवलेल्या स्टिक असतील, तर त्यांतल्या दहा-बारा मला द्याव्यात, ही विनंती. प्रत्येक दांडी साच्यात घट्ट मध्यावर धरून मोजली, तर पट्ट्याचा दोष वेगळा कळेल. मग ती मोकळी सोडून जो फरक पडेल तो स्प्रिंगचा. आकडे आपल्या बाजूने निघाले, तर तेही तसेच छापीन.