वळायचं कुठे, हे कोण ठरवतं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया चांगलीच तिखट आहे, त्यामुळे नुसतं 'धन्यवाद' लिहून सुटका करून घेत नाही. मुलांचा प्रवास आणि त्यांचं दिशांचं भान यावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप तीन आहेत. जिथे फूटपाथच नाहीत तिथे मुलांना चालत पाठवा म्हणणं हा घरबसल्या सल्ला आहे. तुमचा चौथीतला मुलगा व्हॅनने जातो, तरी त्याला शाळेचा सगळा रस्ता पाठ आहे. आणि हातात मोबाइल असताना दिशा कळून करायचंय काय?

फूटपाथबद्दल वादच नाही. आठ वर्षांच्या पोराला एकट्याने हमरस्ता ओलांडायला लावा, असं मी म्हणणार नाही आणि लेखातही म्हटलेलं नाही. माझा मुद्दा वाहनाचा नव्हताच. वळायचं कुठे हे कोण ठरवतं, हा होता; जे मूल ते स्वतः ठरवतं, त्याला रस्ता जास्त कळतो. आईचं बोट धरून फरफटत शाळेत जाणारं मूल चालत असलं तरी एका अर्थी व्हॅनमध्येच बसलेलं असतं.

लंडनचं उदाहरण याच्यासाठी नेमकं आहे. तिथल्या टॅक्सीचालकांच्या मेंदूचा अभ्यास बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. पण मेंदूशास्त्रज्ञ एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये टॅक्सीचालकांची तुलना बसचालकांशी केली, ती मला जास्त महत्त्वाची वाटते. शहर तेच, ट्रॅफिक तेच, दिवसभर स्टिअरिंगही दोघांच्या हातात. फरक इतकाच, की बसचा मार्ग ठरलेला आणि टॅक्सीवाल्याला तो दर वेळी शोधावा लागतो. मेंदूत जागांची स्मृती सांभाळणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो; त्याच्या मागच्या बाजूला करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींचा थर, टॅक्सीचालकांमध्ये जास्त आढळलं. ही मोठी माणसं झाली, मुलं नव्हेत, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. मुलांबद्दल रोममधला रिसोट्टो आणि टोनुच्ची या संशोधकांचा २००२ चा अभ्यास आहे: शाळेच्या वाटेचा नकाशा काढण्यात एकटी जाणारी मुलं सरस ठरली.

आता तुमच्या मुलाचा पाठ असलेला रस्ता. तो पाठ असेलच. मुंबईत कितीतरी मुलं चर्चगेट ते विरार स्टेशनं एका दमात म्हणून दाखवतात. त्यांना विचारा, प्रभादेवीहून परळला कसं जाल? बरीचशी दादरला जाऊन गाडी बदलतील. प्रत्यक्षात ही दोन स्टेशनं शेजारी-शेजारी आहेत, पूल ओलांडला की झालं. लोअर परळ आणि करी रोडही चालत जाण्याइतके जवळ. पण एक पश्चिम रेल्वेवर, दुसरं मध्यवर. ओळी वेगळ्या पाठ केल्या की त्या डोक्यात एकमेकींना भेटत नाहीत. आणि स्टेशनचं 'पूर्व' म्हणजे पुलावरून कुठल्या बाजूला उतरायचं ते. सूर्याचा तिथे काही संबंध नसतो!

तरी लोकलला मी नावं ठेवणार नाही. कुठला डबा पुलासमोर येतो, फलाट कुठल्या बाजूला येणार, जलद गाडी आपल्या स्टेशनला थांबते का, हे एकट्याने जाणाऱ्या मुलाला स्वतःच बघावं लागतं. व्हॅनमध्ये यातलं काहीच नसतं. शिवाय व्हॅनकाका पाच-सहा सोसायट्यांतून मुलं गोळा करत फिरून फिरून जातात, तेव्हा शाळा घरापासून नक्की कुठल्या अंगाला आहे हे कळावं तरी कसं?

मोबाइलचं थोडक्यात: 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा' हेही दुसऱ्यानेच ठरवलेलं वळण. वापरा की, मीही वापरतो. पण रस्ता मुलाला कळावा असं वाटत असेल, तर रविवारी भाजी आणायला जाताना त्याला पुढे चालू द्या आणि नाक्यावर तुम्ही गप्प राहा. चुकला तर चुकू द्या, भाजी काही पळून जात नाही.

आणि एक करून बघा. त्याला विचारा, व्हॅन आली नाही आणि शाळेतून घरी न येता परस्पर आजीकडे किंवा स्टेशनला जायचं झालं, तर गेटबाहेर पडल्यावर डावीकडे वळशील की उजवीकडे? काय म्हणतो ते इथेच लिहा.