बसल्या जागी हवाई हद्दीचं रक्षण कसं करावं

परवा रात्री एका वाहिनीवर सायरन वाजला आणि खाली लाल पट्टी धावली: 'अमेरिकेच्या हद्दीत रशियन बॉम्बर घुसले, लढाऊ विमानं झेपावली'. सकाळी तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जाईस्तोवर ती हद्द अमेरिकेची उरली नव्हती, बॉम्बर चिनी झाले होते आणि गाडी "आपल्यानं एक पाडलं म्हणे" इथवर येऊन ठेपली होती. अलास्काजवळ असं काही घडलं की नोराड, म्हणजे अमेरिका-कॅनडाची संयुक्त हवाई संरक्षण यंत्रणा, एक छोटं निवेदन काढतं. त्यात जवळजवळ दर वेळी एक ओळ असते: विमानं आंतरराष्ट्रीय आकाशातच राहिली, अमेरिका किंवा कॅनडाच्या सार्वभौम हद्दीत शिरली नाहीत. ही ओळ कोणी वाचत नाही. तर राजेहो, वाचायचंच नाही असं ठरलंच असेल, तर ते तरी नीट करावं. म्हणून या चार सूचना.

सगळ्यात आधी, आकाशात एकच रेषा असते असं मनाशी पक्कं करा. देशाची मालकी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. त्यापलीकडचं आकाश कोणाच्या बापाचं नाही, तिथून कुठल्याही देशाचं लष्करी विमान जाऊ शकतं. असले तपशील मधे आणले की बातमीची चव जाते. मग येतो 'एडीझ', हवाई संरक्षणासाठी ओळख पटवण्याचा पट्टा. तो समुद्रावर कित्येकशे किलोमीटर पसरलेला असू शकतो आणि ज्याचा त्यानं आखायचा असतो. अमेरिकेनं १९५० साली सुरुवात केली, चीननं २३ नोव्हेंबर २०१३ ला पूर्व चीन समुद्रावर आखला, आपलाही आहे. त्यात येणाऱ्यानं आपण कोण, कुठून, कुठं हे सांगावं एवढीच अपेक्षा. सोसायटीबाहेरच्या रस्त्यानं जाणाऱ्याला वॉचमननं "कोण भाऊ?" विचारलं, म्हणजे घरात चोर शिरला असं होत नाही. पण तुम्ही तसंच धरा. तैवानचा पट्टा कागदावर चीनच्या मुख्य भूमीवरही गेलेला आहे. तुमच्या हिशेबानं चीनचं विमान चीनमध्येच घुसखोरी करतं. हीसुद्धा ब्रेकिंग न्यूज होऊ शकते, कोणाला सुचली नाही एवढंच. तिसरी रेषा एफआयआरची, पोलिसातल्या नव्हे, विमानवाहतुकीतल्या. कुठल्या आकाशातली वाहतूक कोणाच्या कंट्रोलनं सांभाळायची, याची ती वाटणी. मुंबईचं एफआयआर अरबी समुद्रात लांबवर जातं, म्हणून तेवढा समुद्र काही आपला होत नाही. या तिन्ही रेषा एकाच लाल पेनानं गिरवा.

नकाशा उघडू नका. उत्साह मावळतो.

'झेपावली' हे क्रियापद दर वाक्यात हवंच. विमान झेपावतं कसं, ते मात्र विचारू नका. धावपट्टीच्या टोकाशी ओआरपी असते, म्हणजे हाक येताच उडायच्या विमानांची जागा. तिथं दोन विमानं क्षेपणास्त्रं लावून, इंधन भरून उभी असतात आणि वैमानिक जी-सूट घालून शेजारच्या खोलीत बसलेले असतात. नाटो देशांत हाक आल्यापासून सुमारे १५ मिनिटांत हवेत, असा दंडक आहे. या मिनिटांत काय काय बसवायचं ते बघा. क्षेपणास्त्रांच्या आणि चाकांच्या सेफ्टी पिना, त्या लाल रिबिनीवाल्या, काढून मोजायच्या. बाहेरून वीज जोडायची. इंजिनं एकामागून एक सुरू करायची. आणि दिशादर्शक यंत्रणा, आयएनएस, जुळवून घ्यायची. ती कोऱ्या पाटीवरून जुळवायला कित्येक मिनिटं जातात, म्हणून अलर्टवरचं विमान आधीच जुळवून, ते आकडे साठवून उभं ठेवतात. मधेच कोणी ते विमान ट्रॅक्टरनं जरा इकडचं तिकडं केलं, की साठवलेली जुळणी गेली, पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं पडद्यावर दिसत नाही, म्हणून ते नसतं असं समजा.

वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे, हे नागपूरकराला माहीत असतंच. तिथं काय चालतं, हे माहीत नसतं. वायुसेनेचे दुरुस्ती डेपो या कमांडखाली येतात. नाशिकजवळच्या ओझरचा ११ नंबरचा डेपो त्यातलाच, लढाऊ विमानं पूर्ण उघडून पुन्हा जोडणारा. इंजिनाचे तास भरले, सुटा भाग वेळेत आला नाही, की अलर्टवर उभं करायला विमानच नाही. इतक्या रुक्ष गोष्टीवर छाती फुगत नाही. त्यापेक्षा "आपल्या नागपुरातून सुखोई सुटले" म्हणा. सोनेगावच्या विमानतळावर उतरणारं मुंबईचं प्रवासी विमान रात्री जरा खालून गेलं, तरी चालेल.

विमानांचं अॅप मोबाईलमध्ये घ्याच. देशभरचे विमानमार्ग आपल्या डोक्यावर एकमेकांना छेदतात, त्यामुळं बघायला माल भरपूर. कोणा वैमानिकानं ७७०० हा सांकेतिक आकडा लावला की 'हायजॅक' लिहून मोकळे व्हा. (७७०० म्हणजे आणीबाणी, त्यात प्रवाशाला हृदयविकाराचा झटकाही आला. अपहरणाचा ७५००. रेडिओ बंद पडल्याचा ७६००.) आणि जे लष्करी विमान ट्रान्सपाँडर, म्हणजे आपली ओळख कळवणारं यंत्र, बंद करून उडतं ते अॅपवर दिसतच नाही. म्हणजे जे दिसतंय ते दिसावं म्हणूनच दिसतंय, हा विचार मनाला शिवू देऊ नका.

आता मुख्य सूचना. ठेल्यावर, चौकात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, विषय निघाला रे निघाला की एकच प्रश्न विचारा: "पाडून काऊन नाही टाकत बे?"

हा प्रश्न फार सोयीचा. याला अभ्यास लागत नाही आणि विचारणारा पाणीदार ठरतो. गाठायला गेलेला वैमानिक वर नेमकं काय करतो, हे मात्र कळून घेऊ नका. कळलं तर प्रश्न विचारायची लाज वाटेल. जमिनीवरचा कंट्रोलर त्याला दिशा आणि उंची देतो. समोरून येणाऱ्या विमानाला बाजूनं सोडून, योग्य क्षणी वळून, त्याच्या मागं निघायचं असतं. वळायला उशीर झाला की कित्येक मैल मागं पडतो आणि आफ्टरबर्नर लावून, तेल जाळत पाठलाग करतो. वेग जास्त राहिला की सुसाट पुढं निघून जातो, म्हणजे ज्याच्यावर नजर ठेवायची त्यालाच पाठ दाखवली. टीयू-९५ या रशियन बॉम्बरच्या शेपटीत २३ मिलिमीटरच्या तोफा असतात, त्याच्यामागं किंवा बरोबर खाली जाऊन रेंगाळणं हेही शहाणपणाचं नाही. चार इंजिनांवर उलटसुलट फिरणाऱ्या पंख्यांच्या जोड्या हवा घुसळून ठेवतात. जोडीतलं एक विमान शेजारी जातं, दुसरं मागं अंतर राखून त्याची पाठराखण करतं. शेजारी गेलेला वैमानिक शेपटीवरचा नंबर टिपतो, पोटाखाली नवा अँटेना किंवा पंखाखाली क्षेपणास्त्र दिसतं का बघतो, फोटो काढतो. त्याच वेळी समोरचाही हेच करत असतो: तुम्हाला यायला किती वेळ लागला, कुठलं रडार सुरू झालं, कुठल्या फ्रीक्वेन्सीवर बोलणं झालं. इलेक्ट्रॉनिक टेहळणीचं विमान त्यासाठीच तर आलेलं असतं. तुमच्या 'पाडा'च्या नादात आपण सगळी रडारं पेटवावीत, हे त्याला हवंच आहे.

नागरी विमान असलं तर पद्धत सगळ्या जगात एक. जरा वर, जरा पुढं आणि डाव्या बाजूला यायचं, कारण कॅप्टन डावीकडं बसतो. पंख हलवायचे. समोरच्यानं पंख हलवले म्हणजे कळलं. मग सावकाश, साधारणपणे डावीकडं वळून आपल्या मागं घ्यायचं. उतरवायचं असेल तर विमानतळावर घिरट्या, चाकं खाली. सोडून द्यायचं असेल तर त्याच्या वाटेत न येता झटकन ९० अंश किंवा जास्त वळून वर चढायचं. रेडिओवर आणीबाणीची फ्रीक्वेन्सी, १२१.५ मेगाहर्ट्‌झ. युरोपात ज्यांच्यासाठी लढाऊ विमानं उडतात त्यातली बरीच प्रवासी विमानं असतात, एका कंट्रोलकडून दुसऱ्याकडं जाताना फ्रीक्वेन्सी चुकली म्हणून गप्प झालेली. खिडकीत टायफून लढाऊ विमान दिसलं की कॅप्टनला १२१.५ आठवतं. पाडायचं का हेही?

छोटं विमान म्हणजे आणखी पंचाईत. १९८७ साली मथियास रुस्ट नावाचा पोरगा सेसना १७२ घेऊन थेट मॉस्कोत उतरला. मिग-२३ त्याच्या शेजारून गेलं होतं. एवढ्या हळू उडायला मिगला चाकं आणि फ्लॅप बाहेर काढावे लागले.

आणि खरंच पाडलं, तर पुढं काय होतं? २४ नोव्हेंबर २०१५. तुर्कस्ताननं सीरियाच्या सीमेवर रशियाचं सुखोई-२४ पाडलं. तुर्कस्तानच्याच म्हणण्यानुसार ते हद्दीत होतं १७ सेकंद. पॅराशूटनं उतरणारा वैमानिक खालच्या गोळीबारात मेला, शोधायला गेलेल्यांपैकी एक नौसैनिक मेला, रशियानं निर्बंध लावले आणि पुढच्या जूनमध्ये तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांनी पत्र लिहून खेद कळवला. याउलट १९ सप्टेंबर २०२५ ला रशियाची तीन मिग-३१ एस्टोनियाच्या खऱ्याखुऱ्या हद्दीत १२ मिनिटं होती. इटलीच्या एफ-३५ नी त्यांना गाठलं, बाहेर घालवलं. ती घुसखोरीच होती, तिला घुसखोरीच म्हणावं. पण तिथं कोणी बोटाला येईल ते दाबलं नाही, याला भित्रेपणा म्हणणारे आपल्याकडं पैशाला पासरी मिळतील.

आपल्याकडं कधी पाडलंच नाही असंही नाही. १० ऑगस्ट १९९९ ला कच्छवर मिग-२१ नं पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान पाडलं, १६ जण गेले, प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेलं. तिथं अधिकारक्षेत्र नाही म्हणून संपलं. त्याआधी, १९९१ मध्ये दोन्ही देशांनी लढाऊ विमानं एकमेकांच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत आणायची नाहीत असा करार केलेला होता. न पाडता काम झाल्याचे दाखलेही आहेत. मे २०१९ मध्ये कराचीहून निघालेलं जॉर्जियाचं एएन-१२ मालवाहू विमान वाट सोडून गुजरातवर आलं, सुखोईंनी जयपूरला उतरवलं, चौकशी झाली. डिसेंबर १९९५ मध्ये पश्चिम बंगालातल्या पुरुलियात शस्त्रं टाकून गेलेलं एएन-२६ पुन्हा आपल्या आकाशात आलं तेव्हा त्याला मुंबईत उतरवलं, म्हणूनच आतली माणसं हाती लागली. पाडलं असतं तर समुद्रात तुकडे शोधत बसलो असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये तेहरानहून चीनला जाणाऱ्या इराणी प्रवासी विमानात बॉम्ब असल्याची धमकी आली. सुखोई सुरक्षित अंतर ठेवून मागं मागं गेले आणि विमान मुक्कामी पोहोचलं. त्या दिवशी तुमच्या हातात बटण असतं तर?

एक शेवटची सूचना: ओळख पटवायची भानगड ठेवू नका.

नको, आता उपरोध पुरे. ओळख न पटवता झाडलेल्या गोळीचं काय होतं ते सगळ्यांसमोर आहे आणि तरी तुम्ही ठेल्यावर टाळ्या देता. १ सप्टेंबर १९८३: वाट चुकलेलं कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत सुखोईनं पाडलं, २६९ माणसं. त्यानंतर नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो करारात कलम घालावं लागलं की उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवायचं नाही. ३ जुलै १९८८: अमेरिकी युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान लढाऊ समजून पाडलं, २९० माणसं. आणि लांब कशाला जाता, २७ फेब्रुवारी २०१९, काश्मीरमधलं बडगाम. वर पाकिस्तानी विमानांशी गाठ पडलेली, खाली ताण, आणि आपल्याच क्षेपणास्त्रानं आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. वायुसेनेचे सहा जण आणि खाली एक नागरिक. ती मोठी चूक होती, हे वायुसेनाप्रमुखांनी नंतर जाहीरपणे मान्य केलं. प्रशिक्षण घेतलेली, कामात मुरलेली माणसं होती ती. त्यांच्या हातून हे झालं. तुम्ही पोह्यावर तर्री ओतत पाडापाडी करता.

अलास्काजवळ गाठायला गेलेल्या त्या वैमानिकानं शेजारून उडून, फोटो काढून, काही न झाडता परत येणं हेच त्याचं काम होतं आणि ते त्यानं केलं. २६ एप्रिल २०२५ ला सरकारनं वाहिन्यांना लेखी बजावलं की लष्करी हालचाली थेट दाखवू नका. तुम्ही तर वाहिनीही नाही. तरी कुठल्या तळावरून किती विमानं उडाली, हवेत इंधन भरणारं टँकर विमान कुठं घिरट्या घालतंय, याचे स्क्रीनशॉट वेळ-तारखेसकट ग्रुपवर टाकता, आणि ग्रुपमध्ये कोण कोण आहे हे अॅडमिनलाही माहीत नसतं. काही अक्कल? ते स्क्रीनशॉट काढून टाका. दुसऱ्याच्या हद्दीची उठाठेव मग करा.