बारा वर्षं कुंपण टिकवलं म्हणून मैदान सोसायटीचं होत नाही

माझ्या आत्याने तिच्या पेन्शनमधून पाच हजार रुपये काढून सोसायटीच्या ‘कुंपण निधी’ला दिले. कशाच्या जोरावर, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मेसेजच्या. तो तिने मलाही पाठवला, ‘तुमच्या कमिटीलाही दाखव’ म्हणून. वाचून डोकं फिरलं. एकेका सदस्याला फोनवर समजावत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते.

मेसेजचा सारांश असा. सोसायटीसमोरची पडीक मोकळी जागा आणि कंपाउंडबाहेरची फूटपाथलगतची पट्टी रहिवाशांनी ताब्यात घ्यावी. आधी महापालिकेकडून झाडं लावायची परवानगी काढा, मग जाळीचं कुंपण घाला. जाळी म्हणजे बांधकाम नव्हे, त्यामुळे तिला परवानगी लागत नाही. गल्लीच्या तोंडाशी गेट बसवा, नगरसेवकाचं पत्र पुरतं. फेरीवाले सोसायटीच्या ठरावाने हटवता येतात. कुंपण बारा वर्षं टिकलं की सुप्रीम कोर्टाच्या २०१९ च्या निकालानुसार जागा सोसायटीच्या नावावर, सातबाऱ्यासकट. आणि महापालिकेची गाडी आलीच तर ‘तीस दिवसांची नोटीस दाखवा’ म्हणून त्यांना परत पाठवा.

क्रम सोडून बारा वर्षांपासूनच सुरुवात करते. बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे आणि लोक वर्गणी देतायत तीही त्याच आशेने.

‘बारा वर्षांनी जागा आपली’

ज्या निकालाचं नाव घेऊन हे सांगितलं जातंय तो रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजीत कौर, ७ ऑगस्ट २०१९, तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. वाद खाजगी पक्षांमधला होता. प्रश्न इतकाच की, प्रतिकूल ताब्याने, म्हणजे दुसऱ्याची जागा त्याचा हक्क नाकारून वर्षानुवर्षं धरून ठेवल्याने, ज्याचा हक्क पक्का झालाय त्याला स्वतःहून दावा लावता येतो का, की कोणी त्याच्यावर दावा लावला तरच बचाव म्हणून ते सांगता येतं. न्यायालय म्हणालं, दावाही लावता येतो. मेसेज लिहिणाऱ्याने तेवढं उचललं आणि पुढचं वाचलंच नाही.

त्याच निकालात शेवटाकडे न्यायालयाने सार्वजनिक उपयोगाच्या जागांचा वेगळा उल्लेख केलाय. अशा जागा बळकावून नंतर प्रतिकूल ताब्याचा दावा केला जातो याची दखल घेतली आहे. सार्वजनिक उपयोगासाठी राखलेल्या जमिनीवर असे हक्क निर्माण होऊ नयेत हेच इष्ट, आणि मुदतीच्या कायद्यातच (दावा किती वर्षांत लावायचा ते ठरवणाऱ्या) तसं स्पष्ट करावं, असं तिथे म्हटलंय. म्हणजे जो निकाल दाखवून मैदानाला कुंपण घाला म्हणतायत, तोच निकाल मैदानाबाबत उलट सांगतो. हा अर्धवट कागद निवृत्त माणसांच्या हातात देऊन त्यांच्याकडून पैसे गोळा होतायत, याचा मला संताप येतो.

आता मुदतीचा कायदा, १९६३ चा. खाजगी जमिनीला बारा वर्षं, हे बरोबर. पण त्याच कायद्याच्या अनुसूचीत १११ वा अनुच्छेद खास स्थानिक संस्थांसाठी आहे. सार्वजनिक रस्त्याचा किंवा त्याच्या कुठल्याही भागाचा ताबा गेला तर तो परत मिळवण्याचा दावा लावायला त्यांना तीस वर्षं आहेत. ११२ व्या अनुच्छेदाने सरकारी जमिनीलाही तीसच. रस्ता सोडून महापालिकेच्या इतर जागांना १११ शब्दशः लागू होत नाही, हे मला मान्य करावं लागेल, आणि तिथे बारा वर्षांचा मुद्दा वकील मांडतात. पण मुदत दावा लावण्याची असते. रस्त्यावरचा अडथळा काढून टाकण्याचा आयुक्तांचा अधिकार महापालिका कायद्यातून येतो. त्यासाठी महापालिकेला दिवाणी कोर्टात जावंच लागत नाही.

आणि सगळ्यात मोठी गंमत नाही, मूर्खपणा म्हणते मी, तो पुढेच आहे. प्रतिकूल ताबा म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, सलग ठेवलेला ताबा. मालकाच्या परवानगीने तुम्ही आत आलात तर तो ताबा प्रतिकूल नसतोच, मग बारा काय नि साठ काय. मेसेज सांगतो की आधी महापालिकेकडून झाडं लावायची परवानगी घ्या. अहो, त्या अर्जावर सोसायटीचा शिक्का आणि सेक्रेटरीची सही असते, आणि ‘आपल्या मालकीच्या जागेत’ असं महापालिकेला उद्देशून लिहिलेलं असतं. कोर्टात तोच कागद तुमच्यासमोर ठेवतील.

सातबाऱ्याचं तर विचारूच नका. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असते, आणि जाळी लावल्याने तिच्यावर नाव चढत नाही.

‘फूटपाथची पट्टी सोसायटीचीच’

नाही. रस्ता म्हणजे फक्त डांबर नव्हे, कडेची मोकळी पट्टीही रस्त्याचाच भाग धरली जाते. तेव्हा उत्तर प्रदेशात, आता उत्तराखंडात असलेल्या मंगलौरच्या नगरपालिकेने रस्त्याच्या अशाच पट्टीवर महात्मा गांधींचा पुतळा, पाणपोई आणि वाचनालय करायचं ठरवलं होतं. सुप्रीम कोर्टाने नगरपालिकेलाच नाही म्हटलं. रस्त्याशी संबंध नसलेलं काही तिथे उभारता येणार नाही, जागा तिच्याकडे रस्ता म्हणून सोपवलेली आहे. गांधींचा पुतळा आणि वाचनालय जिथे बसू शकलं नाही तिथे आपले गुलाबाचे वाफे कसे बसतील?

आत्याच्या सोसायटीबाहेर फॅब्रिकेटरच्या माणसाने फक्कीने आखलेली रेघ मी जाऊन पाहिली. ती फूटपाथच्या निम्म्यातून जाते. पावसाळी गटाराची दोन चेंबरं तिच्या आत जातात, म्हणजे मे महिन्यात गाळ काढायला येणाऱ्यांना आधी सोसायटीकडून कुलूप उघडून घ्यावं लागेल. बाहेर उरतं ते एका माणसाला जेमतेम पुरेल इतकं, त्यात महावितरणचा डीपी बॉक्स. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे, दोन व्हीलचेअर एकमेकींना ओलांडू शकतील एवढी. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने अडथळा नसलेल्या फूटपाथचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा, अनुच्छेद २१ चा भाग असल्याचं म्हटलंय. वॉकर घेऊन चालणारी सोसायटीतली म्हातारी माणसं या कुंपणामुळे रिक्षांच्या मधून चालणार आहेत. ती वर्गणीदारांचीच आई-वडील आहेत.

‘जाळी म्हणजे बांधकाम नव्हे’

स्वतःच्या प्लॉटच्या हद्दीवर कुंपण घालायचा हक्क आहे, कोण नाही म्हणतंय. त्यालाही नियम आहेत. रस्त्याकडची भिंत साधारण दीड मीटरपर्यंत, त्यावर हवा असेल तर आरपार दिसणारा भाग धरून २.४ मीटर. कोपऱ्यावरच्या प्लॉटला वळणाजवळ ती आणखी बुटकी, कारण वळणारा स्कूटरवाला दिसला पाहिजे. पण हे सगळं स्वतःच्या हद्दीचं झालं. दुसऱ्याच्या जागेवर जाळी असो की सुतळी, ते अतिक्रमणच.

‘गल्लीला गेट, नगरसेवकाचं पत्र पुरे’

हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, जिवावर बेतणारा आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

सार्वजनिक रस्ता कायमचा बंद करायचा अधिकार नगरसेवकाला नाही, आमदारालाही नाही. मुंबईच्या १८८८ च्या महापालिका कायद्यात त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. रस्ता बंद करायचा प्रस्ताव असेल तर सभेआधी किमान महिनाभर त्या रस्त्यावरच सूचना लावायची, लोकांच्या लेखी हरकती घ्यायच्या, त्या महापालिकेच्या सभेपुढे ठेवायच्या, आणि मग सभेने निर्णय घ्यायचा. एवढी तजवीज का? तर रस्ता तिथे राहणाऱ्यांइतकाच तिथून जाणाऱ्यांचाही असतो. नगरसेवकाचं पत्र ही शिफारस आहे, परवानगी नव्हे.

आमच्या नात्यातल्या एका वसाहतीत असं गेट बसवलंय. रात्री अकराला बंद, किल्ली वॉचमनकडे. मागच्या पावसाळ्यात एका काकांच्या छातीत दुखायला लागलं. मोबाइलच्या नकाशात रस्ता सुरू दिसत होता, त्यामुळे अ‍ॅम्ब्युलन्स बंद गेटापाशी येऊन उभी राहिली. वॉचमन दुसऱ्या टोकाला होता. शेवटी स्ट्रेचर हातात धरून चिखलातून पळत नेलं. काका वाचले. पण गेट अजून तसंच आहे, आणि कमिटीचं म्हणणं असं की चोऱ्या कमी झाल्या. अग्निशमनाचा बंब आला असता तर तो हातात धरून आत नेता आला नसता.

आणि रोजचा त्रास वेगळा. पोळ्या करायला येणाऱ्या बायका, भंगारवाला, मागच्या वस्तीतली शाळेची पोरं, सगळ्यांना आता लांबून वळसा. त्यांना कोणी मीटिंगला बोलावलं नव्हतं. त्यांची हरकत नोंदवायची सोय म्हणूनच कायद्यात ती महिन्याभराची सूचना आहे.

‘फेरीवाले ठरावाने हटवा’

सोसायटीचा ठराव सोसायटीच्या सभासदांवर चालतो, रस्त्यावरच्या माणसावर नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, जागा ठरवायला नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचे. एल्फिन्स्टन रोडच्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेल्यावर, १ नोव्हेंबर २०१७ ला मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटर आणि शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली, तीही खरी. म्हणजे कुठेही बसता येतं असंही नाही. पण ते ठरवणारे आपण नव्हे.

‘तीस दिवसांची नोटीस’

हे तीस दिवस कुठून आले ते शोधलं. ते त्याच २०१४ च्या कायद्यातले आहेत. प्रमाणपत्र असलेल्या पथविक्रेत्याला त्याच्या ठरलेल्या जागेवरून हलवण्याआधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ज्यांना गल्लीतून हुसकावून लावायचा सल्ला मेसेज देतो, त्यांचंच संरक्षण काढून तो सोसायटीच्या जाळीला लावतो. रस्त्यावर बेकायदा उभारलेल्या गोष्टींसाठी मुंबईत १८८८ च्या कायद्याचं कलम ३१४ आणि इतर महापालिकांत १९४९ च्या महापालिका कायद्याचं कलम २३१ आहे. दोन्हींत आयुक्तांना नोटिशीशिवाय अडथळा काढता येतो.

इथे एक गोष्ट मेसेजच्या बाजूने सांगायला हवी. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात घटनापीठाने कलम ३१४ वैध ठरवलं, पण म्हटलं की नोटीस न देणं हा अपवाद असावा, सर्वसाधारणपणे माणसाला म्हणणं मांडू द्यावं. तेव्हा एखादा अधिकारी तुम्हाला नोटीस देईलही. पण तो निकाल मुंबईच्या फूटपाथवर संसार मांडलेल्या माणसांसाठी होता, ज्यांना हलवलं तर पोट जाणार होतं. आणि नोटीस मिळाल्यानंतरही त्यांचा फूटपाथवर राहायचा हक्क न्यायालयाने मान्य केला नव्हता.

जे खरं आहे तेही

हा मेसेज लोकांना पटतो, कारण त्यातला राग खरा आहे. समोरच्या जागेवर राडारोडा पडतो, रात्री बाटल्या फुटतात, तक्रार केली की ‘पाहणी करतो’. २०२२ पासून बहुतेक महापालिकांत वर्षानुवर्षं निवडून आलेली सभाच नव्हती, प्रशासकांचा कारभार होता. प्रश्न कोणापुढे मांडायचा हेच कळत नव्हतं. आपल्या मोकळ्या जागांची हद्द राखणं हे महापालिकेचं काम आहे आणि ती ते करत नाही. यात मी आत्याच्या सोसायटीच्या पूर्ण बाजूने आहे.

दुसरं, प्रत्येक मोकळी जागा महापालिकेची नसते. मुंबई वगळता राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के खुली जागा सोडावी लागते, ती त्या लेआउटमधल्या रहिवाशांच्या वापरासाठी. ती राखायला कुंपण घालणं रास्तच आहे. अ‍ॅमिनिटी स्पेस (लेआउटमध्ये सार्वजनिक सोयींसाठी सोडलेली जागा) आणि विकास आराखड्यातलं आरक्षण (मैदान, शाळा अशा कामांसाठी राखलेली जागा) ही मात्र वेगळी गोष्ट. मेसेज या तिघांना एकाच दोरीने बांधतो.

जागा सांभाळायला रहिवासी पुढे आले तर उत्तमच, पण कुलपाची किल्ली कोणाकडे याला महत्त्व आहे. मुंबईत मोकळे भूखंड संस्थांना दत्तक दिले, त्यातल्या काहींवर क्लब झाले आणि आसपासच्या पोरांना आत जाता येईना. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने तसंच नवं धोरण मंजूर केलं तेव्हा इतका विरोध झाला की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. दुसरीकडे दादरचं शिवाजी पार्क बघा, चहूबाजूंनी बसायचा बुटका कट्टा आहे. हद्द दिसते, गाडी आत शिरत नाही आणि माणूस कुठूनही जातो. कुंपण मागायचंच असेल तर महापालिकेकडे असं मागा.

त्यासाठी आधी जागा कोणाची ते कळलं पाहिजे. नगररचना विभागाकडे विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि मंजूर लेआउटची प्रत मागा, भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज, उत्तर तीस दिवसांत. नकाशात लेआउटची खुली जागा निघाली तर जमवलेला निधी त्यावर खर्च करा, मी स्वतः वर्गणी देईन. आरक्षण किंवा रस्ता निघाला तर पैसे सभासदांना परत करा आणि वॉर्ड ऑफिसला सगळ्यांच्या सह्यांचं पत्र द्या. कागद हातात येईपर्यंत फॅब्रिकेटरला खांबांचे खड्डे घेऊ देऊ नका.