यंत्र ग्रिडवर चालत नाही

घरच्या खोलीत बसून इंडस्ट्रियल रॉक (यंत्रांच्या आवाजांवर उभं राहिलेलं रॉक संगीत) रेकॉर्ड करणारे आम्ही चार लोक भेटलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो: नवीन काय घेतलंस? कुठला डिस्टॉर्शन प्लगिन (आवाज फाडणारं सॉफ्टवेअर), कुठला सॅम्पल पॅक (तयार आवाजांचा संच). गाणं कुठवर आलं हे कोणी विचारत नाही, कारण बहुतेकांचं गाणं अर्ध्यावर असतं. आठ सेकंदांचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा, झकास वाजतोय आणि पुढे काही सुचत नाही. या संगीतावर माझा जीव आहे म्हणून सरळ लिहिते. आपली वाढ खुंटली आहे ती सामान कमी पडतंय म्हणून नव्हे. आपण यंत्रांचं संगीत करतो आणि यंत्राजवळ कधी जाऊन उभे राहत नाही.

आपली पद्धत बघा. पॅकमधून लोखंडावरचा एक दणका उचलायचा, ग्रिडवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या सारख्या अंतराच्या तालाच्या रेघांवर बसवायचा, कॉपी-पेस्ट. प्रत्येक दणका तंतोतंत सारखा. थोड्या वेळात तो मेलेला वाटायला लागतो, मग त्यावर डिस्टॉर्शन. डिस्टॉर्शन मूळ आवाजात नसलेले हार्मोनिक्स (वरचे उपस्वर) घालतं आणि मोठ्या-लहान आवाजातला फरक दाबून टाकतं. एका ट्रॅकवर हे फार सुंदर वाजतं. पण गिटार, बेस, सिंथ, ड्रम, गळा सगळ्यांवर ते चढवलं की सगळे एकाच जागेसाठी भांडतात आणि दणका ऐकूच येत नाही. मग आणखी एक थर. त्यात रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज बारीक ठेवावा लागतो. बारीक आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, म्हणून आपण बेस वाढवत जातो आणि सकाळी गाडीत लावलं की नुसता गाळ.

इंदूरच्या सांवेर रोडवर माझ्या मामांचं छोटं युनिट आहे. तिथे पत्र्याचे वॉशर पाडणारा एक जुना पॉवर प्रेस आहे. त्याच्या अंगाला मी पिएझोची चकती चिकटवली. पितळेची ही चकती इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी किरकोळ पैशांत मिळते. ती हवेतला आवाज घेत नाही, लोखंडातला कंप घेते. ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज कॉम्प्युटरात नेणाऱ्या डब्याच्या) गिटारवाल्या इनपुटलाच लावा, साध्या लाइन इनपुटला लावली तर खर्ज गायब होतो. हेडफोन लावले आणि मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. आधी क्लच पकडतो तो कोरडा खट्. मग पंच खाली येतो. आणि मग जे होतं ते कुठल्याच पॅकमध्ये मला सापडलेलं नाही: पत्रा कापताना फ्लायव्हीलचा वेग किंचित पडतो, त्याची घरघर खाली उतरते आणि पुढच्या दणक्यापर्यंत हळूहळू पुन्हा वर चढते. म्हणजे दोन दणक्यांच्या मधली जागा रिकामी नसतेच. शिवाय पत्रा माणूस सरकवतो, त्यामुळे ते अंतर कधीच सारखं नसतं. पट्टी संपत आली की हात मंदावतो, नवी पट्टी घेतली की सुरुवात जरा घाईची.

प्रेसवरच्या दादांना मी रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यांनी मध्येच हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, “यहाँ से मोटा माल है, बेटा. और इधर डाई में तेल कम पड़ा था.” नुसत्या आवाजावरून! मी परत ऐकलं, तेव्हा कुठे मलाही तो फरक कळला. इतक्या बारकाईने आपल्यापैकी किती जण स्वतःचा ड्रम ट्रॅक ऐकतात?

याला पूर्वज आहेतच. लंडनमध्ये १९७६ साली थ्रॉबिंग ग्रिसल या बँडने इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स ही रेकॉर्ड कंपनी काढली, तिथून हे नाव आलं. पश्चिम बर्लिनच्या आइन्स्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या बँडने १९८० पासून पत्रे, ड्रिल आणि भंगारच वाद्य म्हणून वाजवलं. आणि “ट्रेंट रेझनरने सगळं एकट्याने केलं” असं म्हणणाऱ्यांना सांगते, क्लीव्हलंडच्या स्टुडिओत पडेल ते काम करत त्याने रिकाम्या वेळात डेमो केले हे खरं, पण त्याच्या नाइन इंच नेल्स या बँडच्या १९८९ च्या पहिल्या अल्बमवर फ्लड, एड्रियन शेरवूड या निर्मात्यांचेही कान आणि हात आहेत. एकटेपणाचं एवढं कौतुक नको.

“इंदूरच्या मराठी घरात हे कुठून?” असं नातेवाईक विचारतात. अहो, हे मिलचंच गाव! हुकूमचंद मिल १९९१ साली बंद पडली, कामगारांच्या थकलेल्या पैशांचा प्रश्न २०२३ पर्यंत लोंबकळला, आणि तरी अनंत चतुर्दशीला मिलच्या झाक्या (सजवलेले देखावे) आजही निघतात. भोंगा ऐकून घड्याळ लावणाऱ्यांची नातवंडं आहोत आपण. याच गावात वाढलेल्या उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमरा तालातला ख्याल ऐका. चौदा मात्रा इतक्या संथ की दोन मात्रांच्या मधे राहायला जागा मिळते. प्रेससमोर बसून मला तोच भराव ऐकू आला. कोणाला हे ओढूनताणून आणलेलं वाटेल, मला वाटत नाही.

आता मी एकच ट्रॅक आधी ठेवते: प्रेसचा सलग, न कापलेला. गाण्याचा वेग त्याच्यावरून घेते, त्याला ग्रिडवर आणत नाही. आपल्या विजेचा हम (सलग गुणगुण) सुद्धा मी काढून टाकत नाही. तो ५० हर्ट्झचा आहे, अमेरिकेत ६०. खालच्या जी स्वरापेक्षा साधारण ३५ सेंट वर (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर). गिटार तेवढी चढवून घेतली की हम आपोआप षड्ज धरतो आणि वेगळा सिंथ ड्रोन (तंबोऱ्यासारखा सलग स्वर) लागत नाही. ट्रॅक कमी झालेत आणि गाणं पहिल्यांदाच लूपच्या बाहेर पडून पुढे सरकतंय. गळा कुठे बसवायचा हे मात्र अजून सुटलेलं नाही. प्रेससमोर ओरडलं की खोटं वाटतं, हळू म्हटलं की बुडतं.

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावकडच्या मित्रांनो, तुमच्याकडे यंत्रमाग अजून चालू आहेत. मालकाची आणि कामगाराची परवानगी घेऊन एक अख्खी पाळी रेकॉर्ड करा. कापू नका, साफ करू नका, यंत्रावर कोण होतं ते नाव फाइलला द्या. माझ्याकडचं प्रेसचं रेकॉर्डिंग हवं असेल तर इनबॉक्स करा, दादांना विचारून पाठवते. आणि गळ्याचं कोणाला जमलं असेल तर कसं, ते कृपा करून खाली लिहा.